एकसर जोडणीत ६० वॅटचा बल्ब अधिक का उजळतो?

प्रश्न : मुलगी दहावीत आहे. तिच्यासाठी ६० आणि १०० वॅटचे कुंतलाचे (तापून उजळणाऱ्या तारेचे) दोन बल्ब २३० व्होल्टवर एकसर (एकामागे एक) जोडले, तेव्हा ६० वॅटचा पिवळसर उजळला आणि १०० वॅटच्या बल्बचे कुंतल नुसते लालसर झाले. असे का होते, आणि विद्युतधारा कशी काढावी?

उत्तर १ : ताई, बल्बवरचा आकडा पूर्ण २३० व्होल्ट मिळाल्यावरचा असतो, हे निसटले की सारा घोळ होतो. विभवांतराच्या (व्होल्टच्या) वर्गाला शक्तीने (वॅटने) भागले की रोध, म्हणजे धारेला होणारा विरोध, मिळतो, म्हणून पहिल्याचा रोध सुमारे ८८२ ओहम आणि दुसऱ्याचा ५२९ ओहम येतो. एकसर जोडणीत त्यांची बेरीज १४११ होते व दोन्हींतून एकच धारा, म्हणजे २३० भागिले १४११, सुमारे ०.१६३ अँपिअर, वाहते. धारा समान असल्यामुळे ज्याचा रोध मोठा त्याच्या वाट्याला शक्ती जास्त येते, म्हणजे ६० वॅटच्या बल्बला सुमारे २३ वॅट आणि दुसऱ्याला १४.

उत्तर २ : समांतर जोडणीत प्रत्येकाला पूर्ण २३० व्होल्ट मिळतात. धारा ०.२६१ आणि ०.४३५, एकूण ०.६९६ अँपिअर. घरातली जोडणी हीच.

उत्तर ३ : वरील गणित परीक्षेसाठी योग्य आहे; परंतु कुंतलातील टंगस्टन धातूचा रोध तापमानाबरोबर वाढतो आणि एकसर जोडणीत कुंतले कमी तापतात, त्यामुळे प्रत्यक्ष धारा ०.१६३ पेक्षा जास्त भरेल. बंद बल्बचा रोध मल्टिमीटरने मोजून पाहा, तो ८८२ च्या कितीतरी खाली दिसेल. आणि कळकळीची विनंती, मुलीला हा प्रयोग टॉर्चचे बल्ब व बॅटरी घेऊनच करू द्या.