इकत की इक्कत? आणि त्या हललेल्या कडांना मराठीत काय म्हणायचं?

परवा भाचीच्या साखरपुड्यासाठी तेलंगणातली पोचमपल्ली साडी घ्यायला एका दुकानात गेले होते, दुकानदार म्हणाला ताई हे बघा ओरिजिनल इक्कत, मी सवयीने पदर उलटून बघितला तर मागची बाजू पांढुरकी, म्हणजे सरळ सरळ प्रिंट. म्हटलं दादा, हे इकत नाहीये, तर म्हणे मॅडम ह्या डिझाईनलाच इक्कत म्हणतात. मी साडी न घेता परत आले पण तेव्हापासून ते डोक्यात बसलंय. शब्द डिझाईनचा आहे की करण्याच्या पद्धतीचा?

तर विचारायचंय ते असं. इकत, इक्कत की इकट? तो, ती की ते? आणि माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ह्या साडीवरच्या नक्षीच्या कडा अशा जराशा हललेल्या असतात ना, पाण्यातल्या प्रतिबिंबासारख्या, त्याला मराठी शब्द काय? धूसर, पुसट, अस्पष्ट हे सगळे काहीतरी बिघडल्यासारखे वाटतात, आणि मला तर नेमकं तेच आवडतं. आईची एक काळी-तांबडी, ओडिशातली संबलपुरी साडी होती, पसापाली म्हणजे चौकटी चौकटींची, लहानपणी तिच्या मांडीवर डोकं ठेवून मी बोटाने शोधायचे की तांबडं कुठे संपतं आणि काळं कुठे सुरू होतं, कधीच सापडलं नाही.

प्रतिसाद

शब्द मूळचा मलय-इंडोनेशियन आहे. मेंगिकत म्हणजे बांधणे, त्यातलं इकत म्हणजे बांध, गाठ. डच अभ्यासकांमुळे तो कापडाच्या पुस्तकांत गेला आणि मग जगभर झाला, आपल्याकडेही तिकडून फिरून आला. तिथला उच्चार दंत्य त चा आहे त्यामुळे इकट नक्कीच चूक. इक्कत मात्र मी चूक म्हणणार नाही, तेलुगूत तो जोर देऊन दुहेरी क नेच बोलतात आणि आपल्या दुकानांत माल बराचसा तेलंगणातून येतो, तर उच्चारही मालाबरोबर आला.

लिंगाचं म्हणाल तर साडी मनात असेल तर ती इकत, कापड मनात असेल तर ते इकत, बोलताना आपोआप तसंच होतं.

आणि दुकानदार चुकलाच. शब्दाचा अर्थच बांधणे आहे, जिथे काही बांधलंच नाही ते इकत कसं? फक्त बांधणी आणि इकत ह्यात गोंधळ करू नका. बांधणीत कापड आधी विणून होतं, मग त्याच्या चिमट्या धरून गाठी मारतात आणि रंगवतात. इकतमध्ये कापड अजून जन्मालाच आलेलं नसतं, नुसतं सूत असतं, ते बांधून रंगवतात आणि मग मागावर चढवतात. इकत आणि इरकल ह्यांचाही काही संबंध नाही, इरकल हे कर्नाटकातल्या इलकल गावावरून आलेलं नाव, हे सांगतोय कारण माझ्या मावशीने आयुष्यभर दोन्ही एकच समजून वापरले.

प्रतिसाद

सोलापूरहून लिहितेय. आम्ही पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातले, घरात तेलुगू, पणजोबा तेलंगणातून इथे मागावर कामाला आले. तिकडच्या विणकरांत ह्या कामाला चिटकी म्हणतात, इक्कत हा शब्द मी कॉलेजला गेल्यावर पहिल्यांदा ऐकला.

पोचमपल्लीला दोनदा जाऊन आलेय. गावाचं नाव भूदान पोचमपल्ली, १९५१ साली आपल्या विनोबांना तिथेच पहिलं जमिनीचं दान मिळालं, वेदिरे रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. एका घरात ओसरीवर एक बाई आसूवर बसली होती. आसू म्हणजे अर्धगोल चौकट, कमानीवर ओळीने खुंट्या आणि मध्ये एक, आडवं सूत ह्या मधल्या खुंटीपासून वरच्या खुंटीला आणि परत खाली, असं पूर्ण पंख्यासारखं पसरवायचं. एका साडीसाठी हात हजारो वेळा वर खाली जातो. तिचा खांदा बघवत नव्हता. चिंतकिंदी मल्लेशम ह्यांनी आईचे असेच हात दुखतात म्हणून १९९९ मध्ये मशीन बनवलं, आईचं नाव लक्ष्मी म्हणून लक्ष्मी आसू, २०१७ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

मग त्या सुतावर खुणा करून रबराच्या पट्ट्या बांधतात. पट्ट्या कशाच तर सायकलच्या जुन्या ट्यूब कापून केलेल्या! जे पांढरं ठेवायचं ते बांधायचं, तांबड्यात बुडवायचं, मग जे तांबडं राहायला हवं ते बांधून काळ्यात बुडवायचं. म्हणजे विणणाऱ्याला साडी आधीपासून डोक्यात अख्खी दिसत असते, आणि ती पण उलटी, काय रंगवायचं नाही ह्या हिशोबाने. मला हे बघून अक्षरशः भरून आलं होतं.

प्रतिसाद

फक्त ताणा (उभं सूत) बांधलं, किंवा फक्त बाणा (आडवं सूत) बांधला तर ते साधं इकत. दोन्ही बांधून रंगवून विणताना एकावर एक बरोबर बसवलं तर दुहेरी, जसं गुजरातमधल्या पाटणचं पटोळं. तिथला माग एका बाजूला कललेला असतो, दोघं जण बसतात, थोडं विणून झालं की ताण सैल करून सुईने एकेक धागा सरकवून फूल जुळवतात. एका साडीला चार-सहा महिने सहज. गुजरातीत म्हणच आहे, पडी पटोळे भात, फाटे पण फिटे नहीं. भात म्हणजे नक्षी, कापड फाटेल पण नक्षी जाणार नाही.

आता आपल्या कामाची गोष्ट. पटोळं विणणारे पाटणचे साळवी सांगतात की त्यांचे पूर्वज जालन्याचे! १२व्या शतकात गुजरातचा राजा कुमारपाल पूजेला बसताना रोज पटोळं नेसायचा, ते जालन्याहून यायचं, मग त्याला कळलं की तिथला राजा आधी स्वतः वापरून मग पाठवतो, तेव्हा त्याने ७०० साळवी कुटुंबंच पाटणला आणून वसवली. ही परंपरेने चालत आलेली गोष्ट आहे, कागदोपत्री इतिहास म्हणून सांगत नाहीये. पण जालना नाव ऐकलं की बियाणं आणि स्टील आठवणाऱ्या आपल्या लोकांना हे माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

प्रतिसाद

बांधण्यावरून अजून एक. ओडिशात ह्याला बांधच म्हणतात, तिथले मेहेर विणकर बांध करतात, इकत नाही. वर पसापालीचा उल्लेख आलाय, त्यातला पसा म्हणजे आपले फासे, सारीपाटाच्या घरांसारखी नक्षी म्हणून ते नाव. तिथल्याच नुआपाटणा गावात तर गीतगोविंदातली अक्षरं सुतात बांधून जगन्नाथाला वस्त्र विणतात, विचार करा, अक्षराची वेलांटी कुठे येणार ते सूत सुटं असतानाच ठरवायचं.

आणि उझबेकिस्तानात ह्याला अब्रबंदी म्हणतात. फारसी अब्र म्हणजे ढग आणि आपलं संस्कृत अभ्र, निरभ्र मधलं, हे एकाच मुळाचे. बंद आणि बांध पण तसेच. म्हणजे ढग बांधणे! तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी केव्हाच दिलंय, त्या हललेल्या कडा त्यांना ढगासारख्या दिसल्या.

मूळ धागा लिहिणारी

अब्रबंदी वाचून हातावर काटा आला, खरंच. पण "अभ्र" मराठीत आता फक्त निरभ्रमध्ये उरलंय, साडीला लावलं तर कळणार नाही कुणाला.

प्रतिसाद

शब्द आहे की आपल्याकडे. खडबडीत कागदावर शाईने लिहिलं की आपण काय म्हणतो? शाई फुटली. इकतमध्ये पण तेच होतं, गाठ कितीही घट्ट मारली तरी रंग तिच्या खाली केसभर शिरतो, आणि वर विणताना धागे इकडेतिकडे किंचित सरकतात. ताणा बांधलेला असेल तर नक्षी उभी फुटते, बाणा असेल तर आडवी, आणि दुहेरीत दोन्हीकडे. मी तर सरळ म्हणेन, फुटलेली कड.

मूळ धागा लिहिणारी

फुटलेली कड. हाच! फुटणे म्हणजे नुसतं मोडणे नाही ना, पालवी फुटते, तांबडं फुटतं, पान्हा फुटतो. दोष वाटत नाही अजिबात.

हे वाचलं आणि कपाट उघडून आईची ती संबलपुरी काढली. पदरातला एक आडवा धागा आधीच तुटून बाहेर आला होता, तो हळूच ओढून पांढऱ्या कागदावर ठेवला. प्रिंटचा धागा असता तर एका अंगाने रंगीत आणि दुसऱ्या अंगाने कोरा निघाला असता. हा सगळीकडून सारखा, बोटभर तांबडा, पुढे बोटभर पांढरा, परत तांबडा. आणि प्रत्येक ठिकाणी तांबडं आणि पांढरं ह्यांच्या मध्ये गव्हाच्या दाण्याएवढा फिकट गुलाबी तुकडा, जिथे कुणीतरी बांधलेल्या गाठीखाली रंग फुटलाय.