कृषी सेवा केंद्राचा जुना प्रोग्राम सोडून ब्राउझरवर जायचंय, उधारीची खाती कशी न्यावीत?

द्राक्षपट्टा (तासगाव)

नमस्कार मंडळी. आमचं तासगावात कृषी सेवा केंद्र आहे, दुसरं दुकान कवठे महांकाळला. खतं, औषधं, थोडं बियाणं. गिऱ्हाईक बहुतेक द्राक्ष बागायतदार. वडिलांच्या काळात ओळखीच्या एका प्रोग्रामरनी फॉक्सप्रोमध्ये (जुनं डेटाबेस सॉफ्टवेअर) प्रोग्राम करून दिला, आजवर सगळं त्याच्यावरच चाललंय. बिल, साठा, उधारी, खातेउतारा, सगळं मराठीत. ते गृहस्थ आता हे काम करत नाहीत. कॉम्प्युटरवर विंडोज १० आहे, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला.

दोन्ही दुकानांचा हिशोब रात्री पेनड्राइव्हवरून एकत्र करतो. त्यामुळे दिवसा कवठ्याला कुठलं बुरशीनाशक किती शिल्लक आहे ते फोन केल्याशिवाय कळत नाही. छाटणीनंतर पाऊस लागला आणि डाऊनी (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) दिसला की दोन्हीकडे एकाच औषधाला गर्दी होते. शेतकरी काउंटरवर उभा, आणि आम्ही फोन लावत बसतो. म्हणून ब्राउझरमध्ये चालणारं काहीतरी घ्यायचं ठरवलंय.

अडतंय उधारीपाशी. ऑक्टोबर छाटणीला माल जातो, पैसे बेदाणा विकला की येतात. एखाद्याचं वर्ष वाईट गेलं तर बाकी पुढच्या वर्षावर जाते. अडीच हजारांवर खाती आहेत. वडिलांचं म्हणणं एकच आहे: एका शेतकऱ्याच्या नावावर चुकीची बाकी निघाली तर चार गावांत बभ्रा होतो, आणि तो माणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. मला ते पटतं. दुसरी काळजी इंटरनेटची. ज्यांनी असा बदल केलाय त्यांनी कृपया सविस्तर सांगा.

वायरमन

इंटरनेटचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. फायबरचं एक कनेक्शन घ्या आणि दुसऱ्या कंपनीचं सिम घातलेला राउटर शेजारी ठेवा. दोन्ही एकाच कंपनीचे नकोत, केबल तुटली की कधीकधी टॉवरही त्याच्याबरोबर जातो. राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस मिळतो, तो लावा. लाईट गेल्यावर कॉम्प्युटर इन्व्हर्टरवर चालू राहतो पण राउटर बंद पडतो, असं बऱ्याच दुकानांत बघितलंय. तरी एक छापील बिलबुक हाताशी असू द्या आणि त्याची नंबरमालिका वेगळी ठेवा, म्हणजे हाताने केलेलं बिल नंतर चढवताना नंबर एकमेकांवर जात नाहीत.

निफाडची ताई

दादा, आमचंही कृषी सेवा केंद्रच आहे, निफाड तालुक्यात. हिशोबाची बाजू मी बघते. आम्ही असाच जुना प्रोग्राम सोडून ब्राउझरवर आलो, म्हणून जरा लांबण लागलं तरी लिहिते. तुमच्या वडिलांची काळजी अगदी योग्य आहे. सॉफ्टवेअर कुठलं घ्यायचं हा प्रश्न त्यामानाने लहान आहे, उधारी नीट नेणं हेच खरं काम.

फॉक्सप्रोच्या डीबीएफ फाइली, म्हणजे ज्यांत सगळ्या नोंदी असतात त्या, लिबरऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) सरळ उघडतात. आधी सगळ्या फाइलींची प्रत काढा आणि प्रतीवरच काम करा. उघडल्यावर आकडे बरोबर दिसतील, पण नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसतील, कारण त्या काळचे मराठी फॉन्ट युनिकोड, म्हणजे आजच्या सगळ्या कॉम्प्युटरवर सारखे दिसणारे, नव्हते. त्याचे कन्व्हर्टर मिळतात. ते नव्वद टक्के काम करतात, पण रफार आणि जोडाक्षरं मोडतात. सूर्यवंशी, आचार्य, कुऱ्हाडे ही नावं हमखास बिघडतात. अडीच हजार नावं वाचत बसू नका. आडनावांचा रकाना वेगळा काढा, दुबार गाळा, तसंच गावांचं करा. मग काहीशे शब्दच तपासायचे राहतात, आणि एकदा दुरुस्त केले की सगळीकडे लागू करता येतात. ही तपासणी गावं ओळखणाऱ्या माणसाकडूनच करून घ्या. बाहेरचा ऑपरेटर डोंगरसोनीचं काय करून ठेवील सांगता येत नाही.

आता नावांतली खरी अडचण. एकाच गावात एकाच नावाचे तीन पाटील असतात, वडिलांचं नावही कधीकधी सारखं. नवीन सॉफ्टवेअरवाले सांगतात की मोबाइल नंबर ही ओळख धरा. ऐकू नका. नंबर बदलतात, आणि एकाच मुलाचा नंबर वडील, चुलते, आजी तिघांच्या खात्यावर असतो. तुमचा जुना खाते नंबर हाच नवीन प्रोग्रामातही खात्याचा कोड ठेवा. जुन्या गिऱ्हाइकांना तो पाठ असतो, काउंटरवरच्या पोरांनाही. गाव आणि वस्ती नावाच्या पुढेच दिसतील असं करून घ्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येकाची एकूण बाकी टाकून मोकळे होऊ नका. बाकी बिलवार न्या. एकच आकडा टाकला तर तासाभराचं काम आहे, म्हणून सगळे तेच सुचवतात. पण मे महिन्यात शेतकरी येतो आणि विचारतो, "दिवाळीच्या आधीच्या बिलाचे मी दिलेत, मग हे कशाचे?" तेव्हा तुमच्याकडे दाखवायला काही नसतं. बिल नंबर, तारीख, मूळ रक्कम, जमा, शिल्लक, एवढं तरी ओळीने आलं पाहिजे. माल कुठला गेला तो तपशील जुन्या प्रोग्रामात बघता येईल, तो आणायची गरज नाही.

साठाही बॅचवार न्यावा लागेल, अंतिम तारखेसकट. त्याला जुन्या प्रोग्रामवर विसंबू नका, ३१ मार्चला दोन्ही दुकानांत प्रत्यक्ष मोजणी करा. मुदत संपलेलं औषध तेव्हाच बाजूला निघतं. अनुदानित खतांची विक्री पॉस मशीनवर आधारवरून होते, ती मशीन आपल्या हिशोबाशी जोडलेली नाही. त्यामुळे मशीनवरचा साठा आणि आपला साठा रोज जुळवायचं काम तसंच राहतं. ते आपोआप होईल असं कुणी सांगितलं तर आधी करून दाखवायला सांगा.

बदल १ एप्रिललाच करा. आमच्याकडे खाण्याची द्राक्षं, तोवर बरीच वसुली झालेली असते. तुमच्याकडे बेदाणा, म्हणजे १ एप्रिलला उधारी जवळजवळ सगळी येणंच असणार आणि न्यायची बिलंही जास्त. तरीही एप्रिलच बरा, कारण वर्ष बदलतं आणि बिलाची मालिका नव्याने सुरू होते. ऑक्टोबर छाटणीच्या तोंडावर मात्र अजिबात नको.

प्रिंटरचंही बघा. तुमचा डॉट मॅट्रिक्स असणार. ब्राउझरमधून त्याच्यावर मजकूर चित्रासारखा छापला जातो, एक बिल निघायला फार वेळ लागतो. थर्मल प्रिंटर झटपट आहे, पण उधारीचं बिल शेतकरी वर्षभर जपून ठेवतो आणि थर्मलची अक्षरं उन्हाने उडतात. आम्ही लेझरवर ए-५ कागद वापरतो.

खतावणी

ताईंनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी हिशोबनीस आहे, माझ्या बाजूचे मुद्दे जोडतो.

बिलाचा नंबर जीएसटीत १६ अक्षरांपेक्षा मोठा चालत नाही आणि एका आर्थिक वर्षात तो दुबार येता कामा नये. दोन दुकानांना वेगळ्या मालिका द्या. दोन्ही दुकानं एकाच जीएसटी नंबरावर असतील तर तासगावहून कवठ्याला जाणारा माल विक्री नाही, त्याला डिलिव्हरी चलन लागतं. बरेच जण नव्या प्रोग्रामात कवठ्याचं दुकान गिऱ्हाईक म्हणून उघडतात आणि विक्री फुगते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर माल असेल तर ई-वे बिलही (माल वाहतुकीचं ऑनलाइन बिल) लागेल.

जीएसटीची दप्तरं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. भाड्याने घेतलेल्या सॉफ्टवेअरचं वर्ष भरायचं राहिलं तर जुने हिशोब नुसते बघता तरी येतात का, हे करारात वाचा. पैसे भरण्याआधी चाचणीच्या खात्यातून खातेउतारे, बिलवार बाकी आणि बॅचवार साठा एक्सेलमध्ये काढून बघा. जे बाहेर निघत नाही ते घेऊ नका, मग ते कितीही देखणं असो. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे हिशोब-साठ्याचं सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आहे, त्यात बॅच आणि अंतिम तारीख आहे, सुरुवातीची बाकी बिलवार चढवायची सोयही आहे. हवं तर आपल्या सर्व्हरवर ठेवता येतं, मात्र ते सांभाळायला जाणकार माणूस लागतो.

आणखी एक. वसुलीला शेतकरी येईल तेव्हा जुन्या प्रोग्रामातला खातेउतारा काढून "बाकी मान्य" अशी सही आणि तारीख घ्या. नव्या प्रोग्रामातला आकडा त्याच्याशी ताडता येतो. शिवाय मुदत कायदा १९६३ च्या कलम १८ प्रमाणे, वसुलीचा दावा करायची मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली मिळाली तर ती मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते.

द्राक्षपट्टा (तासगाव)

मनापासून आभार. बिलवार बाकीचं वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, हे धंदा करणाऱ्या माणसाने लिहिलंय. सहीची कल्पनाही त्यांना आवडली, बेदाण्याचे पैसे घेऊन लोक येतात तेव्हाच करू.

दोन गोष्टी विचारतो. आमचा काउंटरवरचा मुलगा कीबोर्डवरच बिल करतो, माउसला हात लावत नाही. गर्दीत त्याचा वेग पडला तर? आणि जुन्या कॉम्प्युटरचं पुढे काय करायचं?

निफाडची ताई

वेग पहिल्या महिन्यात पडतोच. घ्यायच्या आधी त्या मुलालाच समोर बसवा आणि दहा ओळींचं बिल माउसशिवाय करून बघायला सांगा. जमत नसेल तर ते सॉफ्टवेअर काउंटरसाठी नाही. जुन्या प्रोग्रामात एफ-५ ला काही काम दिलं असेल तर ती सवय मोडावी लागेल, ब्राउझरमध्ये ते बटण दाबलं की पान नव्याने उघडतं आणि अर्धवट बिल जातं. मार्चमध्ये कवठ्याच्या दुकानात, गर्दी कमी असताना, त्याला जुन्या आणि नव्या दोन्ही प्रोग्रामांत बिल करू द्या. उधारीच्या नोंदी दुरुस्त करायचा अधिकार मात्र तुमच्या आणि वडिलांच्याच पासवर्डला ठेवा.

जुना कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून ठेवा, विकू नका. फाइलींच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक घरी. आणि ३१ मार्चचे सगळे खातेउतारे पीडीएफ करून गाववार फोल्डरमध्ये टाका. काउंटरवर कुणी जुनं बिल विचारलं तर ते लगेच उघडतात. कन्व्हर्टरमध्ये नावं अडली तर फॉन्टचं नाव इथे लिहा, आमच्याकडे दुरुस्त केलेली आडनावांची यादी आहे, ती देते.