पलंगाच्या खांबावर नक्की काय असतं : बोंड, लट्टू की कळस?

ओसरी
आजीच्या शिसवी पलंगाला चार खांब आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक कातीव बोंड. घर बदलताना त्यातलं एक हरवलं. तसंच करून घ्यायला बाहेर पडले. 'बोंड' हा आजीचा शब्द. नाना पेठेतल्या कातारीकाकांनी विचारलं, "लट्टू हवाय का?" लक्ष्मी रोडला पडद्यांच्या दुकानात पितळी मिळतंय का पाहिलं, तर तिथला मुलगा म्हणे, "फिनियल म्हणा ना मॅडम." आणि घरी यजमानांनी तोवर 'अग्रालंकार' असा शब्द पाडून ठेवला होता.

माझं म्हणणं, नवीन शब्द अजिबात नको. आपल्याकडे जागेप्रमाणे नावं आहेत. वर चढतो तो कळस, खाली लोंबतं ते केळफूल, दोरीच्या टोकाला गोंडा, काठीला बोंड. विश्रामबाग वाड्यासमोर (१८०७चा आहे) उभं राहून वर बघा. सुरूचे खांब, केळफुलं. सुतारांनी परसातलं झाड बघून नाव दिलं आणि दोनशे वर्षं ते पुरलं. सगळ्यांना एकाच शब्दात कोंबायचं कशाला?

तिरकस_कोपरा
बोंड ठीक. पण फर्निचरला कळस म्हणू नका, हात जोडतो. शिखर पुरं झालं की त्यावर आवळ्यासारखा पाकळ्या-पाकळ्यांचा आमलक, आणि त्याच्या वर कलश. तो विधी करून चढवतात, म्हणून त्याला कळसारोहण म्हणतात. उद्या पडद्याच्या दांडीचं कळसारोहण करून प्रसादाचे पेढे वाटणार का?

ओसरी
पेढे वाटायला माझी ना नाही. पण मग ताजमहालाच्या घुमटावर काय आहे? उलटं कमळ आणि त्यावर कलशच. पूर्वेकडच्या मेहमानखान्यासमोर फरशीत काळ्या दगडात त्याची पूर्ण मापाची आकृती जडवली आहे, तिथे उभं राहिलं की तो केवढा आहे ते कळतं. आकार देवळातून निघून केव्हाच गावभर फिरलाय. शब्दालाच तेवढा सोवळ्यात का बसवता?

तिरकस_कोपरा
घुमट ही इमारत आहे, पलंग नाही. इमारतीच्या माथ्यावर कळस शोभतो. झोपायच्या वस्तूवर नको, एवढंच. (ताजमहाल म्हणजे एका अर्थी झोपायचीच जागा, असं कोणी म्हणायच्या आत मीच म्हणून टाकतो.)

हट्टी_मराठी
तुम्ही दोघं मजेत भांडताय, पण मी भाषांतराची कामं करते. कॅटलॉगमध्ये एकच वस्तू पलंगावर, दिव्यावर, पडद्याच्या दांडीवर आणि कुंपणाच्या खांबावर येते. मी चार ठिकाणी चार शब्द लिहिले तर गिऱ्हाईक म्हणणार, या चार वेगळ्या वस्तू आहेत. छत्रशब्द लागतोच. घडवलेल्या शब्दांना नाकं मुरडू नका. 'महापौर' हा सावरकरांनी घडवलेला शब्द, आज कोणाला खटकतो? 'अग्रालंकार' वापरून तर बघा.

चुनखडी
वास्तुशास्त्र शिकते आहे म्हणून मध्ये तोंड घालते. इंग्रजीत तरी सगळ्याला एकच शब्द आहे हा गैरसमज आहे. अगदी टोकावर फिनियल, छताला उलटं लोंबतं ते पेंडंट, गॉथिक शिखराच्या कडेने पानांसारखे फुटवे दिसतात ते क्रॉकेट, ग्रीक देवळाच्या त्रिकोणी माथ्यावर आणि कोपऱ्यांत बसतं ते ॲक्रोटेरियन. पिनॅकल तर नुसती शोभाच नाही. गॉथिक चर्चमध्ये कमानी भिंतीला बाहेर रेटतात, तेव्हा आधाराच्या खांबावरचा तो दगडी सुळका आपल्या वजनाने रेटा खाली जमिनीकडे वळवतो. त्या सुळक्याच्याही टोकाला जे फूल असतं, ते फिनियल. म्हणजे तिकडेही शब्द जागेवरूनच ठरतात. फिनियलचं मूळ लॅटिन 'फिनिस', म्हणजे शेवट. त्याला इतकं सोवळं-ओवळं नाही.

हट्टी_मराठी
हो, पण दिव्याच्या आणि पडद्याच्या दांडीच्या टोकाला ते सर्रास फिनियलच म्हणतात. तुम्ही चर्चमधून उदाहरणं आणलीत, मी दुकानातून आणते. मला माझ्या पानावर एकच शब्द हवाय.

रंधा
सुतारकाम घरात आहे. एक गोष्ट कोणीच बोललं नाही. हे नुसतं नटवणं नसतं. लाकूड आडवं कापलं की त्या तोंडातून ते पाणी पितं, बाजूंपेक्षा कितीतरी जास्त. उघड्यावरच्या खांबाचं डोकं बोडकं ठेवलं तर कुजायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून वर गोल किंवा उतरतं काहीतरी बसवतात, पाणी ठरत नाही. कौलारू आढ्याच्या टोकाचंही तेच, सगळे उतार जिथे मिळतात तिथेच गळतं. जिन्याच्या आणि कुंपणाच्या खांबावरच्या गोळ्याला आम्ही सरळ 'टोपी' म्हणतो. पलंग घरात असतो, त्याला पावसाची भीती नाही, तिथे टोपीचं नुसतं बोंड झालं. कळस म्हणा, अग्र म्हणा, पण कातारीकडे जाऊन 'अग्रालंकार' मागितलात तर तो चहा पाजून परत पाठवेल.

हट्टी_मराठी
'टोपी' आवडली. पण कॅटलॉगमध्ये "पडद्याची टोपी" लिहिलं तर लहान मुलांचा विभाग वाटेल. दांडीपुरतं 'बोंड' लिहून बघते. 'अग्रालंकार' मात्र सोडत नाही, मथळ्याला ठेवते.

रंधा
ओसरी, करायला टाकताना उरलेल्या तिघांतलं एक खालच्या खुंटीसकट काढून न्या. फोटोवरून गोलाई जमते, खुंटीची जाडी जमत नाही, मग बोंड डुगडुगतं.

ओसरी
नेलं. काकांनी चिठ्ठीवर लिहिलंय: "पलंग, लट्टू, १ नग." शनिवारी मिळेल.

तिरकस_कोपरा
चला, कळस तर वाचला.