हाफ-लाइफच्या रद्द झालेल्या ड्रीमकास्ट आवृत्तीतले ‘न वापरलेले’ साहित्य नेमके कशाला म्हणावे?

राजारामपुरी_नववी_गल्ली (प्रश्न):

नमस्कार. आम्ही काही मित्र जुन्या व्हिडिओ गेमविषयी मराठीत सविस्तर नोंदी तयार करतो. आमच्यातले दोघे शिवाजी विद्यापीठात संगणकशास्त्र शिकतात आणि बाकीचे नोकरी सांभाळून हे काम करतात. सध्या हाती घेतलेला विषय म्हणजे हाफ-लाइफ या गेमची, सेगा कंपनीच्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलसाठी केलेली, पण कधीच बाजारात न आलेली आवृत्ती. वाल्व्हचा मूळ गेम नोव्हेंबर १९९८ मध्ये विंडोजवर आला. ड्रीमकास्टवर तो बसवण्याचे काम गिअरबॉक्स आणि कॅप्टिव्हेशन डिजिटल लॅबोरेटरीज या कंपन्यांनी केले आणि त्यासोबत सुरक्षारक्षक बार्नी कॅल्हून याच्या बाजूने घडणारा ‘ब्लू शिफ्ट’ हा नवा भागही तयार झाला. जानेवारी २००१ च्या अखेरीस सेगाने ड्रीमकास्टचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले आणि त्यानंतर काही महिन्यांतच, गेम दुकानांत येण्यास काही आठवडे उरले असताना, प्रकाशक सिएराने ही आवृत्ती रद्द केली. तिची जवळजवळ पूर्ण झालेली प्रत पुढे बाहेर फुटली, हे इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे.

आमची अडचण वर्गीकरणाची आहे. गटातल्या काहींचे म्हणणे असे, की जी फाइल खेळताना कुठेच दिसत किंवा ऐकू येत नाही, ती सरळ ‘न वापरलेले साहित्य’ या सदरात टाकावी. त्या हिशेबाने पँथरआय आणि स्टुकाबॅट या प्राण्यांची मॉडेल्स (त्रिमितीय आकृत्या), गेममधल्या ध्वनिक्षेपकावरच्या घोषणांच्या आवाजातले शेकडो सुटे शब्द, सैनिकांची कित्येक वाक्ये असे सगळेच त्या सदरात जाऊ लागले आहे. मला हे पटत नाही, परंतु त्याऐवजी कोणती कसोटी लावावी, हे नेमक्या शब्दांत मांडता येत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंकाळा_पश्चिम:

आपला संशय रास्त आहे. खेळताना दिसले नाही, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. प्रथम हे पाहावे लागते, की ती फाइल कोणी मागवते का, आणि त्यानंतर, कोणी मागवत नसेल तर ती तिथे आली कुठून.

या गेमच्या इंजिनात, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये, पहिली तपासणी बऱ्यापैकी सोपी आहे, कारण प्रत्येक नकाशाच्या (गेममधल्या एकेका टप्प्याच्या) बीएसपी फाइलमध्ये त्या नकाशातल्या सर्व वस्तूंची, पात्रांची आणि त्यांना जोडलेल्या आवाजांची यादी साध्या मजकुराच्या रूपात असते आणि ती कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये वाचता येते. सगळ्या नकाशांतल्या या याद्या एकत्र करून फाइलींच्या नावांशी ताडून पाहिल्या, की एक मोठा भाग निकालात निघतो. परंतु इथेच थांबले तर फसगत होते. सैनिकांची वाक्ये घ्या. शत्रू दिसला किंवा हातबॉम्ब पडला, की कोड फक्त वाक्यांच्या गटाचे नाव सांगतो. त्या गटात कोणती वाक्ये आहेत, हे सेंटेन्सेस नावाच्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेले असते आणि त्यातले कोणते ऐकू येईल, हे त्या क्षणी यादृच्छिकपणे ठरते. त्यामुळे त्या वाक्याचा उल्लेख ना नकाशात सापडतो, ना कोडमध्ये, आणि तरीही ते पूर्णपणे वापरातले असते. शास्त्रज्ञांच्या चेहऱ्यांचेही तसेच आहे. एका मॉडेलमध्ये अनेक डोकी असतात आणि नकाशाने कोणते ते निश्चित केले नसेल, तर कोड स्वतःच त्यातले एक निवडतो. अशा गोष्टी ‘न वापरलेल्या’ म्हणून छापल्या गेल्या, तर पुढे कोणीतरी तेच वाक्य खेळताना ऐकेल आणि आपल्या संपूर्ण नोंदीवरचा विश्वास जाईल.

घोषणांचे सुटे शब्द हा प्रकार वेगळा आहे. ती यंत्रणा एकेक शब्द जोडून वाक्य तयार करते. त्यासाठी सुरुवातीलाच मोठा शब्दसंग्रह ध्वनिमुद्रित करून ठेवला गेला, आणि त्यातले पुष्कळ शब्द कोणत्याच वाक्यात येत नाहीत. म्हणजे ते खरोखर न वापरलेले आहेत. मात्र ते विंडोज आवृत्तीतही तसेच पडून आहेत. पँथरआय आणि स्टुकाबॅट यांचेही तेच. वाल्व्हने मूळ गेम घडवताना वगळलेल्या प्राण्यांची ही मॉडेल्स विंडोजच्या फोल्डरमध्येही राहिली. ड्रीमकास्टच्या प्रतीत ती दिसली, तर तो या आवृत्तीचा इतिहास नव्हे. तो मूळ गेमचा इतिहास आहे, आणि इथे तो केवळ वारशाने आलेला आहे. म्हणून माझी सूचना अशी, की विंडोज आवृत्ती शेजारी ठेवल्याशिवाय एकही नोंद करू नये.

साचेकार_शिरोली:

मी शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या पॅटर्न विभागात काम करतो. पॅटर्न म्हणजे ओतकामाचा साचा ज्यावरून तयार होतो तो नमुना. ऑर्डर रद्द झाली तरी तिचा पॅटर्न वर्षानुवर्षे रॅकवर राहतो, परंतु तो रॅकवर आहे एवढ्यावरून आम्हाला काही कळत नाही. त्यावर कुठे भर घातली, कुठे घासून कमी केले, हे पाहिल्यावरच कोणत्या मशीनसाठी आणि कोणत्या अडचणीमुळे काय बदलले, ते उलगडते. या गेमच्या बाबतीतही उरलेल्या फाइलींपेक्षा बदललेल्या फाइली अधिक बोलक्या आहेत, असे मला वाटते, आणि दुर्दैवाने याद्या करणारे बहुतेक जण त्यांच्याकडे पाहतच नाहीत.

ड्रीमकास्टमध्ये मुख्य मेमरी १६ मेगाबाइट, चित्रांसाठी ८ मेगाबाइट आणि ध्वनीसाठी २ मेगाबाइट. मूळ गेमला विंडोजवर किमान २४ मेगाबाइट रॅम लागत असे, आणि तिथे गरज पडली तर हार्ड डिस्कचा आधार होता. ड्रीमकास्टला हार्ड डिस्कच नव्हती. खेळ साठवायचा तो व्हीएमयू नावाच्या छोट्या कार्डावर, आणि त्यात खेळाडूला मिळणारे २०० ब्लॉक म्हणजे प्रत्येकी ५१२ बाइटप्रमाणे सुमारे १०० किलोबाइट. या इंजिनाची सेव्ह फाइल फक्त खेळाडू कुठे उभा आहे एवढेच नोंदवत नाही. मागे सोडून आलेल्या नकाशांत कोणते दार उघडे राहिले, कोणती पेटी फुटली, कोण मेले, हेही ती बरोबर घेऊन चालते, म्हणून ती फुगत जाते. फुटलेल्या प्रतीत सेव्ह फाइलींनी कार्ड भरणे, लांबलेले लोडिंग आणि मध्येच मंदावणारे चित्र या ज्या तक्रारी आढळतात, त्यांचे मूळ या आकड्यांत आहे.

म्हणून एखाद्या भिंतीच्या चित्राचा आकार विंडोजच्या तुलनेत निम्मा केलेला असेल, एखादा आवाज अधिक दाबून बसवला असेल किंवा एखादा नकाशा दोन तुकड्यांत विभागला असेल, तर कृपया ते नोंदवा. ड्रीमकास्टसाठी झालेले खरे श्रम तिथेच सापडतील.

मंगळवार_पेठ:

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे. त्यांना डिस्कविषयी थोडी जोड देतो, कारण तिथेही बरेच गैरसमज आहेत.

ड्रीमकास्टची जीडी-रॉम डिस्क सुमारे एक गिगाबाइटची असते आणि ती एकसमान वेगाने फिरत असल्यामुळे बाहेरच्या कडेचा डेटा आतल्यापेक्षा जलद वाचला जातो. त्यामुळे कित्येक गेममध्ये विकासक सुरुवातीला एखादी मोठी, निरर्थक फाइल ठेवून खरा डेटा कडेकडे ढकलत. अशी फाइल कुठल्याही गेममध्ये दिसली, तर तिच्यात काही लपवलेले असेल असे समजून तिचा पाठपुरावा करू नये. दुसरे असे, की जीडी-रॉमवरचे गेम साध्या ७०० मेगाबाइटच्या सीडीवर बसवणारे लोक पूर्वी व्हिडिओ आणि आवाज दाबून लहान करत, काही फाइली काढूनही टाकत आणि डिस्कची प्रतिमा (संपूर्ण डिस्कची एकाच फाइलमधली नक्कल) नव्याने बांधत. तशा प्रतीत एखादी गोष्ट आढळली नाही, तर ती विकासकांनी वगळली की प्रत बनवणाऱ्याने, हे त्या एका प्रतीवरून ठरत नाही. फाइलींच्या तारखांचेही तसेच आहे. प्रतिमा नव्याने बांधली असेल, तर त्या तारखांना पुरावा मानता येणार नाही.

कायद्याचा मुद्दाही स्पष्ट करतो. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ संगणक प्रोग्रामचे कार्य अभ्यासण्याची मुभा देते, पण ती कायदेशीरपणे मिळवलेल्या प्रतीपुरती आहे. फुटलेली प्रत त्यात बसत नाही. त्यामुळे इथे तिचे दुवे कोणी देऊ नयेत. आपल्या नोंदींचा मुख्य आधार विंडोजवरचा विकत घेतलेला हाफ-लाइफ आणि ब्लू शिफ्ट हाच असावा, आणि तेवढ्यावरही तुलनेचे पुष्कळ काम होऊ शकते.

राजारामपुरी_नववी_गल्ली:

तिघांचेही मनापासून आभार. आता एकच गोष्ट अडते. ड्रीमकास्टसाठी अधिक बारकाईने घडवलेली पात्रांची व शस्त्रांची मॉडेल्स पुढे जून २००१ मध्ये विंडोजवर आलेल्या ब्लू शिफ्टसोबत ‘हाय डेफिनिशन पॅक’ म्हणून दिली गेली. ही मॉडेल्स रद्द झालेल्या आवृत्तीचे अवशेष मानावीत, की प्रकाशित साहित्य?

रंकाळा_पश्चिम:

ती प्रकाशित साहित्य म्हणूनच नोंदवावीत आणि त्यांचा उगम ड्रीमकास्टच्या कामात आहे, हे त्याच नोंदीत लिहावे. तो पॅक मूळ हाफ-लाइफ आणि त्याचाच ऑपोझिंग फोर्स हा जोडभाग या दोन्हींवरही बसवता येत होता, म्हणजे न आलेल्या आवृत्तीसाठी केलेले काम ती आली असती तर पोहोचले नसते अशा खेळाडूंपर्यंतही पोहोचले. मला या साऱ्या प्रकरणातली ही सर्वांत समाधानाची बाब वाटते. ब्लू शिफ्टचेही तेच आहे. ड्रीमकास्टची आवृत्ती गेली, पण तिच्यासाठी लिहिलेला हा भाग आजही खेळता येतो. नोव्हेंबर २००१ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन २ आवृत्तीशी मात्र गल्लत करू नका. तिच्यात आणखी वेगळी मॉडेल्स आहेत आणि ‘डिके’ हा दोघांनी मिळून खेळायचा भागही स्वतंत्र आहे.

नोंदीचा नमुना हवा असेल तर असा ठेवा: “स्टुकाबॅटचे मॉडेल. कोणत्याही नकाशात उल्लेख नाही. विंडोज आवृत्तीतही उपलब्ध. मूळ गेममधून आलेले.” त्याखाली बदललेल्या फाइलींचा तक्ता वेगळा करा आणि त्यात साचेकार यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्हीकडचे आकार समोरासमोर द्या. पहिला कच्चा तक्ता झाला, की याच धाग्यावर टाका. सैनिकांच्या वाक्यांचे गट मी स्वतः तपासून देतो.