मदत हवी आहे: हायड्रोजनच्या एच-अल्फा लाईनचा घेर मोठा दिसतोय, ब्लॅक होल म्हणू का?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय, एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्टला जेम्स वेब अवकाश दुर्बिणीचा पब्लिक डेटा घेतलाय. गाईड सर सॉलिड स्टेटवाले, ते म्हणतात पुण्याला जाऊन आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत कुणालातरी गाठ, पण चाकणचं ट्रॅफिक आठवलं की वाटतं आधी इथेच विचारावं.

तर एका गॅलॅक्सीचा निअरस्पेकचा (वेबवरचं स्पेक्ट्रम घेणारं उपकरण) स्पेक्ट्रम आहे, जी३९५एम ग्रेटिंग (प्रकाश फाकवणारी जाळी), रेडशिफ्ट (विश्व प्रसरणामुळे तरंगलांबी वाढणं) ५.५, म्हणजे ६५६३ अँगस्ट्रॉमची एच-अल्फा सरकून ४.२७ मायक्रॉनला आलीय. लाईन वर टोकदार आणि खाली घेरदार. एकच गॉशियन (घंटेच्या आकाराचा वक्र) टाकलं तर फिट वजा केल्यावर दोन्हीकडे उंचवटे उरतात, दुसरं रुंद टाकलं की नीट बसतं आणि रुंदी येते सेकंदाला २००० किमीच्या घरात. ब्लॅक होलभोवती वेगाने फिरणारा वायू लाईन अशी रुंद करतो, म्हणून इथपर्यंत मी खुश. पण बीपीटी आकृतीवर (लाईन्सच्या गुणोत्तरांवरून तारे की ब्लॅक होल ते ओळखायचा आलेख) टाकलं तर पॉइंट गुमान तारे बनवणाऱ्या साध्या गॅलॅक्सींच्या बाजूला जाऊन बसतो, कारण ऑक्सिजनची ५००७ अँगस्ट्रॉमची लाईन भागिले एच-बीटा (हायड्रोजनचीच दुसरी लाईन) ६ च्या आसपास आहे पण नायट्रोजनची ६५८४ दिसतच नाही म्हटलं तरी चालेल. मग खरं कुणाचं मानायचं? आणि तो घेर म्हणजे एच-अल्फाच्या दोन बाजूंच्या नायट्रोजनच्याच दोन लाईन्स चिकटल्यात असं तर नाही ना?

प्रतिसाद १:
बीपीटी १९८१ ची, जवळच्या गॅलॅक्सी बघून केलेली. सुरुवातीच्या गॅलॅक्सींत जड मूलद्रव्यंच कमी, त्यात नायट्रोजन अजून कमी, त्यामुळे ब्लॅक होल खात असलं तरी पॉइंट डावीकडे सरकतो. तिच्या नादी लागू नकोस, ५००७ ची रुंदी बघ. ब्लॅक होलजवळचा वायू इतका दाट असतो की ऑक्सिजनची एनर्जी धडकांतच जाते, ५००७ तिथून निघत नाही. म्हणून एच-अल्फा रुंद पण ५००७ अरुंद असेल तर तुझी केस भक्कम, दोन्ही रुंद असतील तर वायू बाहेर फेकला जातोय असं समज. नायट्रोजनच्या ६५४८ आणि ६५८४ ला १:३ ने बांधून परत फिट कर, आणि ६५८४ तशीही दिसत नाहीये म्हणतोस तर घेर तिचा कसा असेल?

प्रतिसाद २:
नीऑनची ३४२६ ची लाईन पण शोध, त्यासाठी नीऑनचा चौथा इलेक्ट्रॉन काढायला ९७ इव्ही (इलेक्ट्रॉन व्होल्ट) एनर्जी लागते, साध्या ताऱ्यांच्या आवाक्यातलं काम नाही ते. पण ती २.२३ मायक्रॉनला येईल, म्हणजे जी२३५एम ही दुसरी ग्रेटिंग लागेल. नाही दिसली म्हणून ब्लॅक होल नाही असं मात्र होत नाही, फार मंद असते.

धागाकर्ता:
भारी! ५००७ बघितली, सेकंदाला ३५० किमी, त्यात ३०० तर उपकरणाचीच रुंदी. नायट्रोजन बांधूनही घेर तसाच राहिला. आता ब्लॅक होलचं वस्तुमान काढायला घेतलंय, तर धुळीचं करेक्शन (धुळीने अडवलेल्या प्रकाशाची भरपाई) अरुंद भागाच्या एच-अल्फा आणि एच-बीटाच्या गुणोत्तरावरून घेतलं तर चालेल का? रुंद एच-बीटा नॉइजमधे बुडालीय.