क्रूझवरचा फुल इंग्लिश ब्रेकफास्ट: आईबाबांना यातलं काय चालेल?

जुळेसोलापूरकर
भावानं इंग्लंडमधल्या साउदम्प्टनवरून सुटणारी ७ रात्रींची नॉर्वेची क्रूझ बुक केलीय, आईबाबा आणि मी. घरात व्हिसापेक्षा जास्त चर्चा नाश्त्याची चालूय. बाबा अंडं खातात, बाहेर गेलं की चिकन पण खातात, त्यांनी कुठंतरी त्या फुल इंग्लिश ब्रेकफास्टचा फोटो बघितला आणि आता म्हणतात ते ताट खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही. आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही, तिला धास्ती की सगळं एकाच ताटात एकमेकाला चिकटून येणार मग मी काय सात दिवस ब्रेड-जॅम खाऊ का. कोणी गेलंय का, नाहीतर जहाजावर काम केलंय का? त्यात नक्की काय काय असतं, आणि बुफे बरा का टेबलावर बसून? शेंगाचटणी नेऊ देत असतील तर अर्धं टेन्शन गेलं म्हणते आई.

तिखट_जाळ
आधी कडक भाकरी पॅक करा भाऊ, व्हिसाचं नंतर बघू 😄

गॅलीतला_गडी
ब्रिटिश पाहुण्यांच्याच जहाजावर पाच कॉन्ट्रॅक्ट केली, सगळी गॅलीत म्हणजे जहाजाच्या किचनात, आता सोलापुरातच हाय. सकाळच्या ड्यूटीला रात्री तीनला उठायचो आणि पहिलं काम म्हणजे बेकनच्या पट्ट्या ट्रेवर ओळीनं लावायच्या, एक ट्रे झाला की दुसरा, हाताचा वास आंघोळ करून पण जायचा नाही. जहाजावर आगीच्या भीतीनं गॅस नसतो, सगळं इलेक्ट्रिक, त्यामुळं बेकन तव्यावर भाजत बसत नाहीत, ओव्हनमध्ये ढकलतात.

आता मुद्द्याचं. तुमचे बाबा चिकन खातात म्हणालात, पण त्या ताटात चिकन नसतं ओ. बेकन डुकराचं, सॉसेज बहुतेक डुकराचंच, आणि ती काळी गोल चकती दिसते ना फोटोत, ब्लॅक पुडिंग, ते डुकराचं रक्त ओट्स नाहीतर बार्ली घालून शिजवलेलं असतं. आपल्याकडं गावाकडं बकऱ्याची रक्ती करतात तसलाच प्रकार, फक्त आतड्यात भरून. पुडिंग म्हणजे गोड असेल असं समजून घेतलेले आपले पाहुणे मी बघितलेत, पहिल्या घासाला तोंडं बघण्यासारखी होतात. तेव्हा बाबांना आधी विचारा डुक्कर चालतं का.

आईला चालेल असं: बेक्ड बीन्स, भाजलेला टोमॅटो, मशरूम, टोस्ट, पॉरिज म्हणजे ओट्सची पेज, फळं, दही. हॅश ब्राउन हा बटाट्याचा, पण कुठल्या तेलात तळलाय ते विचारा, एकाच फ्रायरमध्ये बाकीचं पण पडतं. तळलेला ब्रेड नकोच, जुन्या पद्धतीत तो बेकनच्या चरबीत करतात. व्हेज सॉसेज मागितलं तर मिळतं पण त्यात अंडं असू शकतं, तेही विचारा.

आणि ताट तयार येतं हा गैरसमज आधी काढा. टेबलावर बसलात तर वेटर एकेक विचारतो, बीन्स आणि टोमॅटो एवढंच दे म्हणालात तर तेवढंच येतं, कोणी हसत नाही.

सासूबाईंचा_जावई
वरच्या भाऊंशी सहमत पण बुफेबद्दल जरा वेगळं मत. आम्ही दोन वर्षांपूर्वी गेलतो, सासूबाई शाकाहारी, बुफेत निदान डोळ्यांनी बघून घेता येतं, टेबलावर बसलं की मेनू वाचत बसा. फक्त एक गंमत सांगतो. तिसऱ्या दिवशी एका भांड्यात पिवळा भात होता, वर चिरलेली कोथिंबीरसारखं काहीतरी, पाटी केजरी का काहीतरी, सासूबाई म्हणाल्या अगं बाई खिचडी! दोन डाव वाढून घेतली, टेबलावर आल्यावर चमच्यानं उकरलं तर अंड्याची फोड निघाली, आणि खाली मासा. म्हणजे आपलीच खिचडी इंग्रजांनी नेली, डाळ काढून टाकली आणि धुरावलेला हॅडक मासा घातला. बायकोनं वेटरला ताट परत दिलं आणि सासूबाईंनी त्या दिवशी फक्त केळं खाल्लं, जेवणापर्यंत कुणाशी बोलल्या नाहीत. नाव खिचडीसारखं ऐकू आलं की आईंना लांब ठेवा.

मार्मलेड मात्र त्यांना आवडला, संत्र्याच्या सालीचा, कडवट. आवळ्याच्या मुरंब्याची बहीण म्हणाल्या.

गॅलीतला_गडी
केजरी सगळ्या जहाजांवर नसते पण असली की हेच होतं 😄

बुफेचं म्हणाल तर अंडं न खाणाऱ्याला बुफे ठीकय, पण बाबांना सांगा अंडं टेबलावरच मागवा. बुफेतलं स्क्रॅम्बल म्हणजे पिशवीतलं फेटलेलं अंडं एका दमात शिजवून गरम राहावं म्हणून दिव्याखाली ठेवलेलं, अर्ध्या तासानं रबर. टेबलावर फ्राइड मागितलं तर तुमच्यासाठी फुटतं. आणि टोस्ट बारक्या स्टीलच्या स्टँडमध्ये उभा करून आणतात, हवा लागून थंड होतो, इंग्रजांना तसाच कडक आवडतो, तुम्ही पुन्हा गरम मागा.

आईंसाठी खरी युक्ती: बुकिंगलाच शाकाहारी, अंडं नाही असं लिहून घ्या, आणि पहिल्याच रात्री हेड वेटरला भेटा. आदल्या रात्री सांगितलं तर आम्ही उपमा पण करून दिलाय, गॅलीत गोवेकर, मुंबईकर भरपूर असतात आणि क्रूच्या मेसमध्ये डाळभात रोज असतोच.

नवीपेठ_नाश्ता
बेक्ड बीन्सबद्दल सावध करतो. फोटोत मस्त दिसतात पण खाल्लं की गोड! पांढऱ्या घेवड्याचे दाणे टोमॅटो सॉसमध्ये, ना लसूण ना मिरची. हाइन्झ कंपनीनं सुरुवातीला हे डबे लंडनच्या फॉर्टनम अँड मेसन नावाच्या उंची दुकानात विकायला आणले होते म्हणे, तेव्हा चैनीची वस्तू, आता तिकडं गरिबाचं जेवण. चमचाभर शेंगाचटणी टाकली की आपल्या उसळीच्या वळणावर येतं, अनुभवानं सांगतोय.

जुळेसोलापूरकर
सगळ्यांचे आभार. बाबांना ब्लॅक पुडिंगचं सांगितलं, पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले फोटोत वांग्याचे काप वाटले होते. डुक्कर नको म्हणाले, आता दोन फ्राइड अंडी, मशरूम आणि बीन्स यावर तडजोड झालीय, नाव मात्र फुल इंग्लिशच ठेवायचं म्हणतात कारण शेजारच्या काकांना सांगून झालंय. आईला खिचडीचा किस्सा वाचून दाखवला, ती त्या सासूबाईंच्या बाजूनं आहे. चटणीचं राहिलं, नेऊ देतात का?

गॅलीतला_गडी
कोरडी शेंगाचटणी ब्रिटनला चालते, मांस आणि दुधाचे पदार्थ तेवढे नेऊ नका, पेढे वगैरे घरीच ठेवा. जहाजात घरचं शिजवलेलं डबे भरून नेऊ देत नाहीत, दुकानातलं सीलबंद पाकीट घ्या. किटली घेऊन जाऊ नका, जप्त होते, ब्रिटिश जहाजांवर केबिनमध्ये चहाची किटली बहुतेक असतेच. चहा पावडर आपली न्या, त्यांच्या पिशवीचा चहा आईंना पांढरं पाणी वाटेल.

तिखट_जाळ
म्हणजे कडक भाकरी कन्फर्म ना?