टेके लोकांची मानाची कुऱ्हाड : जुनी की नवी, आणि घासावी का?

प्रश्न : अंबाजोगाईकर

माझे दीर सैन्यात आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेसोबत ते काँगोत गोमा येथे असताना त्यांनी तिथल्या बाजारातून एक कुऱ्हाड विकत आणली. दांडा हातभर लांब व किंचित वाकडा असून मुठीपासून वरपर्यंत पितळी तारेने घट्ट गुंडाळलेला आहे. टोकाला कोरलेल्या चेहऱ्याच्या गालांवर उभ्या रेषा आहेत आणि पाते अर्धचंद्रासारखे पसरट आहे, पण त्याला धार अशी नाहीच. विक्रेत्याने ती टेके जमातीच्या सरदाराची असल्याचे सांगितले. जिने फांदीही तुटणार नाही अशा कुऱ्हाडीला तिकडे एवढा मान का असावा? ती खरोखर जुनी आहे का, हे घरच्या घरी कसे ओळखावे? सासूबाईंचा आग्रह आहे की खंडेनवमीच्या पूजेत मांडण्यापूर्वी ती चिंचेने लखलखीत घासून घ्यावी.

उत्तर : बालाघाटी

ताई, सर्वांत आधी चिंच बाजूला ठेवा. बाकीचे सावकाश पाहू.

टेके लोकांची वस्ती आज काँगो प्रजासत्ताक, काँगो लोकशाही प्रजासत्ताक आणि गॅबॉन या तीन देशांत आहे. त्यांच्या राजाला मकोको म्हणत आणि १८८० साली याच राजाने फ्रान्सच्या वतीने आलेल्या ब्राझा याच्याशी करार केला. ब्राझाव्हिल या शहराचे नाव त्याच्यावरूनच पडले. पण तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधीच्या व्यापारात आहे. काँगो नदी जिथे सरोवरासारखी रुंद होते त्या मालेबो परिसरात हस्तिदंत, तांबे आणि गुलाम यांचा मोठा बाजार भरत असे व त्यावर टेके व्यापाऱ्यांची पकड होती. एकोणिसाव्या शतकात तिथे पितळी तारेचे तुकडे चलन म्हणून चालत. त्यामुळे सरदाराच्या कुऱ्हाडीच्या दांड्यावर गुंडाळलेली तार ही केवळ नक्षी नव्हती, तो उघड उघड मिरवलेला पैसा होता. मग धार कशाला हवी? गळ्यात पितळेचे रुंद कडे आणि हाती अशी कुऱ्हाड, एवढ्यावर सभेतल्या माणसाची पायरी कळत असे. आपल्याकडे देशमुखांच्या वाड्यात खुंटीला टांगलेली तलवार तरी कितीदा म्यानाबाहेर येत होती!

उत्तर : ऐरण

आमच्या घरी लोहारकाम चालते, म्हणून फक्त बांधणीबद्दल लिहितो. आपल्या कुऱ्हाडीच्या पात्याला भोक असते व त्यात दांडा ठोकतात. मध्य आफ्रिकेतल्या कुऱ्हाडींत बहुधा उलटे असते: पात्याचे निमुळते शेपूट दांड्याच्या जाड टोकातून आरपार घातलेले असते. ते शेपूट लाकडात शिरते तिथे भिंगातून पाहा. खऱ्या जुन्या वस्तूत लाकूड आकसून बारीक फट पडलेली दिसते आणि गंज आत मुरलेला असतो. पात्याची जाडी बोटांनी चाचपा. घडवलेल्या पात्यात ती जागोजागी बदलते, तर पत्र्यातून कापलेल्या पात्यात सगळीकडे सारखी लागते. मूठ जिथे धरली जाते तिथली तार चपटी व गुळगुळीत आणि इतरत्र खडबडीत असेल, तर ती बरीच वर्षे वापरात असण्याचा संभव आहे. उलट, संपूर्ण वस्तूवर एकसारखा काळपटपणा असेल, तर तो मुद्दाम चढवलेला असू शकतो. तार एकसारखी आहे एवढ्यावरून मात्र वस्तू नवी ठरवू नका, कारण युरोपातून आलेली तारही एकसारखीच असे.

उत्तर : पैठणवासी

गोमा काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या पूर्व टोकाला आहे आणि टेके मुलूख पश्चिमेला, दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर. म्हणजे ही वस्तू व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत आलेली आहे आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबता येणार नाही. पात्यावरच जाळीदार नक्षी आणि छोटे मानवी चेहरे घडवलेले असते, तर ती कसाई भागातील सोंग्ये जमातीची म्हणता आली असती. गालांवरच्या उभ्या रेषा मात्र टेके कोरीवकामाची ओळख मानल्या जातात, आणि हा मुद्दा विक्रेत्याच्या बाजूने जातो. अर्थात नक्कल करणाऱ्यालाही त्या ठाऊक असतातच.

अंबाजोगाईकर

पाते हाताला असमान लागते आणि मुठीची तार स्पष्ट झिजलेली आहे. चिंच नको, तर सासूबाईंना काय सांगू?

उत्तर : बालाघाटी

चिंचेतल्या आंबटाने पितळेवरचा जुना थर निघून जातो, आणि वापराचा पुरावा त्या थरातच असतो. शिवाय पाणी तारेखाली शिरले की लाकूड कुजू लागते. कोरड्या सुती कापडाने हलकेच पुसणे पुरे. पूजेत ती खुशाल मांडा. फक्त हळदकुंकू धातूवर न लावता खालच्या पाटावर वाहा, म्हणजे सासूबाईंचाही मान राहील.